फौजींना स्मारकावर नेताना

गेल्या अंकात अमेरिकेतल्या 'ऑनर फ्लाइट'ची छोटी चौकट छापली होती. २००४ मध्ये वॉशिंग्टनला दुसऱ्या महायुद्धाचं स्मारक उभं राहिलं. ज्यांच्यासाठी ते उभं राहिलं त्यातल्या बहुतेकांना तिथवर जाणं झेपणारं नव्हतं. ओहायोतल्या अर्ल मोर्स यांनी २००५ च्या मे महिन्यात सहा छोट्या विमानांतून बारा वृद्ध सैनिकांना तिथं नेलं. पुढं गावोगावी अशा फेऱ्या निघाल्या. सैनिकाला एक पैसाही खर्च नाही आणि सोबत येणारा आपला खर्च स्वतः करतो, असा तिथला नियम.

त्यावर सातारा-सांगलीतून पत्रं आली. फौजींचाच हा भाग, त्यामुळे पत्रांत कौतुक थोडं आणि अडचणी जास्त. निवडक प्रश्नांना उत्तरं दिली आहेत आर्मी मेडिकल कोअरमधून निवृत्त झालेल्या नर्सिंग असिस्टंटनी, ज्येष्ठांच्या सहली नेणाऱ्यांनी आणि ट्रस्टचे हिशेब पाहणाऱ्यांनी.

आमच्या गावात चौदा माजी सैनिक आहेत. मंडळाला सगळ्यांना एकदमच दिल्लीचं राष्ट्रीय समर स्मारक दाखवायचंय. जमेल का? (खटाव तालुका)

एकदम नको. पहिल्या खेपेला सहा फौजी, चार सोबती आणि एक नर्स किंवा कंपाउंडर, एवढंच ठेवा. चौदा वृद्ध माणसं एका वेळी फलाटावर उतरली की दोघं चहाच्या गाड्यावर, दोघं लघवीला, एक जिन्याच्या खाली, अशी पांगापांग होते आणि गाडी दोन मिनिटं थांबते.

आधी कोणाला, हे ठरवायला प्रत्येकाचं डिस्चार्ज बुक मागवून घ्या. त्यात मेडलची नोंद असते. १९६५ च्या लढाईसाठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, १९७१ साठी पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल. स्टार साधारणपणे प्रत्यक्ष रणक्षेत्रात असलेल्यांना मिळाले, मेडल त्याहून बऱ्याच जास्त लोकांना मिळाली. समर सेवा स्टार ज्याच्या छातीवर आहे तो माणूस आज ऐंशीच्या घरात किंवा पुढं. त्याला पहिल्या खेपेत घ्या. दुर्धर आजार असलेला कोणी असेल आणि डॉक्टर प्रवासाला हो म्हणत असतील तर तो सगळ्यांच्या आधी, मग त्याची लढाई कोणतीही असो. हा भेद मात्र यादीपुरताच ठेवा. पारावर बसून 'खरा फौजी कोण' हा वाद सुरू झाला की सहल तिथंच मोडते.

महिना फेब्रुवारीचा मधला ते मार्चचा पहिला आठवडा. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडं धुकं असतं, गाड्या तासन्‌तास रखडतात. दिवाळीनंतर दिल्लीची हवा दमेकऱ्याला सोसत नाही. शिवाय नोव्हेंबर म्हणजे पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचा महिना, फौजी स्वतःच त्या कामात असतात. एक अडचण राहते. फेब्रुवारीत कारखाने चालू असतात, त्यामुळे ज्यांच्या उसाला तोड यायची आहे ती पोरं सोबती म्हणून नाव देतात आणि आदल्या दिवशी गळतात. दोन नावं जादा ठेवा.

'मोफत सहल' म्हटलं की आमचे फौजी येतच नाहीत. 'आम्हाला फुकटचं नको' म्हणतात. काय करावं? (सरपंच, तासगाव तालुका)

चूक त्यांची नाही, शब्दाची आहे. पत्रकात 'मोफत' लिहूच नका. प्रत्येकाच्या नावे वेगळं निमंत्रण काढा आणि ते घरी जाऊन हातात द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. नावाआधी हुद्दा लिहा आणि तो पीपीओवरून, म्हणजे पेन्शनच्या आदेशावरून तपासा. नाईकला हवालदार लिहिलं तरी त्यांना खटकतं आणि मानद नायब सुभेदाराला नुसतं हवालदार लिहिलं तर ते बोलणार नाहीत, पण येणारही नाहीत. पत्रात पलटणीचं नाव घाला. 'आपण आमच्या सोबत चलावं' एवढं वाक्य पुरतं.

बॅनरवर पुढाऱ्यांचे फोटो नकोत. निघताना स्टेशनवर भाषणंही नकोत. वृद्ध माणूस उन्हात अर्धा तास उभा राहिला तर त्याचा पुढचा अख्खा दिवस वाया जातो.

सहा जणांचं एकच तिकीट ऑनलाइन काढलं. सगळे सत्तरीपुढचे, तरी चौघांना वरचे आणि मधले बर्थ आले. असं का? (सांगली)

एकाच तिकिटावर सहा जण घातले म्हणून. रेल्वेचा खालच्या बर्थचा ज्येष्ठांसाठीचा कोटा ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील महिला यांना आहे, पण तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तेव्हा. तिसरं नाव आलं किंवा ज्येष्ठाबरोबर तरुण सोबत्याचं नाव घातलं की संगणक तुम्हाला साध्या रांगेत टाकतो. म्हणून दोन-दोन फौजींची वेगळी तिकिटं काढा आणि सोबत्यांची निराळी. डबा एकच मिळेल याची खात्री नसते, म्हणून आरक्षण उघडेल त्याच दिवशी सकाळी बसा. आता ते प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं.

थ्री टायर एसीत आठ बर्थच्या कप्प्यात दोन खालचे आणि एक साइड लोअर मिळतो. टू टायरमध्ये मधला बर्थ नसतो, त्यामुळे दिवसा ताठ बसता येतं. पैसे जुळवण्यासाठी फौजी टू टायरमध्ये आणि सोबती थ्री टायरमध्ये, ही विभागणी करू नका. स्वस्त पडते, पण रात्री गरज लागते तेव्हा सोबती दोन डबे पलीकडं झोपलेला असतो.

ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. बजेट पूर्ण भाड्याचं धरा. यादीत वीरचक्र, शौर्यचक्र अशा शौर्यपदकाचे मानकरी किंवा त्यांच्या पत्नी असतील तर त्यांच्याकडं रेल्वेचा मानाचा पास असू शकतो. तो आहे का ते आधी विचारा.

आपल्याकडून दिल्लीला सोयीची गोवा एक्स्प्रेस. मिरज, सातारा, पुणे करत हजरत निजामुद्दीनला जाते. आपल्या पट्ट्यातून ती रात्री जाते आणि सातारा स्टेशन माहुलीला, गावाबाहेर आहे. तेव्हा फौजींना संध्याकाळी जेवण घालून, दोन तास आडवं करून मगच स्टेशनवर आणा. व्हीलचेअरसाठी स्टेशन मास्तरांना आदल्या दिवशी भेटा. खुर्ची मिळते, ढकलणारा मिळेलच असं नाही.

वडील ७९ वर्षांचे. शुगर, बीपी आणि पाय सुजतात म्हणून पाण्याची गोळी चालू. एवढ्या लांबच्या प्रवासाला पाठवावं का? (कराड)

डॉक्टर हो म्हणाले तर पाठवा. पण प्रवासात नेमकं काय बिघडतं ते आधी समजून घ्या.

पहिला घोटाळा पाण्याचा. गाडीत सारखं उठावं लागू नये म्हणून म्हातारी माणसं पाणी पिणंच बंद करतात आणि पाण्याची गोळी गुपचूप खिशात ठेवतात. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनपैकी एक होतं. पाणी कमी पडून उठताना चक्कर येते, नाहीतर गोळी चुकल्यानं पाय सुजून धाप लागते. ही गोळी सकाळऐवजी दिवसाच्या कोणत्या वेळी चालेल ते डॉक्टरांकडून लिहून आणा. वेळ बदलता येते, गोळी चुकवता येत नाही. पाणी दर तासाला अर्धा पेला, सोबत्यानं हातात द्यायचं. ओआरएस सरसकट सगळ्यांना पाजू नका, त्यात मीठ असतं. हृदय किंवा किडनीचा त्रास असलेल्यांना डॉक्टरांना विचारूनच.

दुसरा घोटाळा शुगरचा. इन्शुलिन टोचलं आणि जेवण दीड तासानं आलं, हे गाडीत हमखास घडतं. आधी जेवण समोर येऊ द्या, मग सुई. प्रत्येक सोबत्याच्या खिशात साखरेच्या पुड्या हव्यात. चालू असलेलं इन्शुलिन साध्या खोलीच्या तापमानाला साधारण चार आठवडे टिकतं, एसी डब्यात काही होत नाही. ते नासतं उन्हात लावलेल्या बसमध्ये, नाहीतर बर्फाला चिकटून गोठलं तर. गोठलेलं इन्शुलिन वितळलं तरी वापरायचं नाही.

तिसरा घोटाळा औषधांच्या पिशवीचा. घरून निघताना सून सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून देते आणि ती पिशवी मोठ्या बॅगेत तळाला जाते. चार दिवसांच्या सहलीला सात दिवसांच्या गोळ्या घ्या, त्याही दोन ठिकाणी. एक संच फौजींच्या जवळ, एक नर्सकडं. गळ्यात कापडी पट्टीचं कार्ड: नाव, रक्तगट, आजार, गोळ्यांची नावं, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी, डबा आणि बर्थ, सोबत्याचा मोबाइल. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं मूळ कार्ड बरोबर हवं.

रात्रीचा खरा धोका संडासाशेजारच्या दाराचा. झोपेत उठलेला, ऐकू कमी येणारा माणूस अंधारात चुकीचं दार उघडतो. म्हणून सोबत्यांनी दोन-दोन तासांचा पहारा लावायचा, दहा ते बारा, बारा ते दोन, असा सहापर्यंत. चार सोबती, चार पहारे. फौजींना ही पद्धत समजावून सांगावी लागत नाही, उलट तेच सोबत्याला वेळेवर उठवतात.

खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, केळी. फलाटावरचं तळलेलं पहिल्या दिवशी तरी नको. दर दोन तासांनी पायाची बोटं आणि घोटे हलवायला लावा, जमेल त्याला डब्यात चालवा. एका जागी बसून पायात रक्ताची गाठ होण्याची भीती असते. एकच पिंढरी सुजून दुखू लागली किंवा अचानक धाप लागली तर पुढचं स्टेशन गाठून डॉक्टर बोलवा, दिल्लीची वाट पाहू नका.

दिल्लीत स्मारकावर किती वेळ द्यावा? आणि माझ्या पणजोबांचं नाव तिथं सापडेल का? ते पहिल्या महायुद्धात गेले. (अपशिंगे परिसर, सातारा)

आधी दुसऱ्याचं उत्तर: तिथं सापडणार नाही. २५ फेब्रुवारी २०१९ ला खुलं झालेलं राष्ट्रीय समर स्मारक स्वातंत्र्यानंतरच्या शहिदांचं आहे. १९१४ पासूनच्या लढायांत कामी आलेल्यांसाठी शेजारचं इंडिया गेट आहे, पण त्याच्या भिंतींवर सगळ्यांची नावं नाहीत. मराठा पलटणींतले पुष्कळ जण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये पडले. बसरा इथल्या स्मारकाच्या दगडावर भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या शिपायांची नाहीत. नाव कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधा. आडनावाची स्पेलिंगं साहेबानं मनाला येतील तशी लिहिलेली असतात, म्हणून गाव आणि पलटण यांवरून पडताळा घ्या. तुमच्या अपशिंग्यातूनच त्या युद्धात ४६ जण कामी आले. त्यांचं स्मारक घराजवळ आहे, तिथं आधी जाऊन या.

आता वेळ. दिल्लीला जाऊन एका दिवसात लाल किल्ला, कुतुबमिनार आणि अक्षरधाम असा बेत आखणारे पुष्कळ. तसं करू नका. ज्या दिवशी स्मारक, त्या दिवशी दुसरं काहीही नाही. सकाळी विश्रांती, दुपारी साडेतीनला आत. फेब्रुवारीत दिल्लीत सव्वासहाच्या सुमारास मावळतं, त्याआधी झेंडा उतरवण्याचा कार्यक्रम होतो. तो बसून पाहता येईल एवढी ताकद शिल्लक ठेवायची.

आत चार वर्तुळं आहेत. मधोमध अमर चक्र, स्तंभ आणि अखंड ज्योत. त्याभोवती वीरता चक्र, म्हणजे छताखालचं दालन, लोंगेवाला, तिथवाल, रेझांग ला अशा लढायांची सहा ब्राँझची शिल्पचित्रं. मग त्याग चक्र आणि बाहेर झाडांचं रक्षक चक्र. उन्हं उतरेपर्यंत छताखाली थांबा, दमलेल्यांना झाडांत बसवा. पंचवीस हजारांहून जास्त नावं आहेत ती त्याग चक्रात. प्रत्येक नावाची ग्रॅनाइटची वेगळी पाटी, सोनेरी अक्षरं. सगळ्यात जास्त वेळ इथंच जाणार.

नाव शोधायची तयारी घरून करा. प्रत्येक फौजीला महिनाभर आधी विचारा, 'तुमच्या कंपनीतला कोण तिथं आहे?' नाव, हुद्दा, पलटण, वर्ष लिहून घ्या आणि स्मारकाच्या संकेतस्थळावर शोधून ठेवा. सत्तर वर्षांपुढच्या डोळ्यांनी भिंत वाचत फिरणं म्हणजे नुसती दमछाक. कागद तयार असेल तर सोबती खुर्ची थेट त्या पाटीसमोर नेतो, ब्रेक लावतो आणि चार पावलं मागं सरकतो. फौजीचं बोट आधी पलटणीच्या नावावर जातं, मग माणसाच्या. त्या वेळी मोबाइल समोर धरू नका. फोटो नंतर, पाटीचा वेगळा, सरळ समोरून. अक्षरांवर कागद ठेवून पेन्सिल घासू नका, सोनेरी रंग निघतो.

आवारातच परमवीरचक्राच्या २१ मानकऱ्यांचे अर्धपुतळे आहेत. महार रेजिमेंटचे फौजी असतील तर ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांच्यापुढं थांबतीलच. १९८७ ला श्रीलंकेत ते शहीद झाले.

वीरपत्नी किंवा वीरमाता बरोबर असतील तर एक गोष्ट जरूर करा. रोज संध्याकाळी तिथं एका शहिदाच्या कुटुंबीयांच्या हातून पुष्पचक्र वाहिलं जातं. त्यासाठी स्मारकाच्या कार्यालयाशी आधी लेखी संपर्क करावा लागतो, ऐन वेळी जमत नाही.

मेडल लावण्याबद्दल. स्वतःची डावीकडं, दिवंगत पतीची किंवा वडिलांची उजवीकडं. चार-पाच मेडलची पट्टी जड असते, जुन्या कोटाचं कापड तिच्या पिनेनं फाटतं. कोटाच्या आतून खादीचा दुहेरी तुकडा ठेवून पिन त्यातून घाला.

आम्हाला द्रासच्या कारगिल युद्ध स्मारकावर न्यायचंय, २६ जुलैला, कारगिल विजय दिनाला. कारगिलच्या फौजींबरोबर दोन ७१ चे आजोबाही हट्ट धरतात. (वाळवा तालुका)

कारगिलचे फौजी पन्नाशी-साठीतले, त्यांना न्या. आजोबांचा हट्ट मोडा. द्रास सव्वातीन हजार मीटरवर आहे आणि श्रीनगरकडून जायला झोजिला ओलांडावा लागतो, तो साडेतीन हजारांच्या वर. विमानानं थेट लेहला उतरलात तर पहिले ४८ तास नुसतं पडून राहायचं असतं. आपली माणसं पहिल्याच दिवशी बाजारात जातात आणि रात्री डोकं धरून बसतात. ऐंशीच्या हृदयावर हा प्रयोग नको. शिवाय २६ जुलैला गर्दी आणि बंदोबस्त इतका असतो की खुर्ची ढकलायला जागा नाही. ऑगस्ट अखेरीस जा.

आजोबांसाठी सपाटीवरची जागा निवडा. राजस्थानात थंडीत जैसलमेरजवळचं लोंगेवाला आहे. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र तर एका दिवसावर. तिथं लष्करी हद्द आहे, म्हणून केंद्राला महिनाभर आधी पत्र द्या. नावं, हुद्दे, आर्मी नंबर, ओळखपत्रांच्या प्रती, गाडीचा नंबर, सगळं त्यात हवं. साताऱ्याहून पुण्याचं घोरपडीतलं युद्ध स्मारक त्याहून सोपं. पहिली रंगीत तालीम म्हणून तेच करा, दिल्ली नंतर.

वडील ७१ ला पूर्वेकडं होते. त्याबद्दल कधी बोलले नाहीत. आम्ही नाव दिलं तर चिडले. समजूत काढावी का? (मिरज)

एकदा विचारलंत, पुरे झालं. दुसऱ्यांदा विचारायचं असेल तर मुलानं नको, त्यांच्याच पलटणीतल्या माणसानं विचारावं. नाही म्हणाले तर नाही.

आले तर सोबत्याला दोन गोष्टी बजावून ठेवा. 'तुम्ही किती मारले?' हा प्रश्न कोणीही, विशेषतः शाळकरी पोरांनी, विचारायचा नाही. आणि ते गप्प बसले तर सोबत्यानंही गप्प बसायचं. परत आल्यावर आठ-दहा दिवस झोप उडणं, दचकून उठणं, जेवण कमी होणं असं दिसू शकतं. हळूहळू ओसरतं. पंधरवड्यानंतरही कमी झालं नाही तर ईसीएचएसमार्फत मानसोपचारतज्ज्ञांकडं न्या, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या नंबरवर बोला. विसरभोळेपणा वाढलेला असेल, संध्याकाळी घर ओळखू येत नसेल, तर मुक्कामाची सहल टाळा. परक्या जागी गोंधळ वाढतो. सकाळी निघून रात्री घरी येता येईल तेवढंच.

पैसे कसे उभे करावेत? सरकारी योजना आहे का? (कोरेगाव)

मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना धार्मिक स्थळांसाठी आहे आणि तिला अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा आहे. पेन्शनर फौजी तिच्यात बसवायची खटपट करू नका.

वर्गणी काढायची तर गणपतीच्या वर्गणीला घेता तशी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्या. त्याहून बरं, गावातल्या नोंदणीकृत ट्रस्टला पुढं करा. ट्रस्टकडं ८० जी ही आयकराची नोंदणी असेल तर देणगीदाराला करसवलत मिळू शकते, पण २,००० रुपयांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत, म्हणून चेक किंवा ऑनलाइनच घ्या. कारखाना किंवा कंपनीकडं जाणार असाल तर हे लक्षात ठेवा: कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात माजी सैनिक, वीरपत्नी आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांसाठीचं काम सीएसआरमध्ये, म्हणजे कंपन्यांनी करायच्या सामाजिक खर्चात स्पष्ट नमूद आहे. ट्रस्टचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक मात्र हवा, त्याशिवाय अर्ज वाचलाही जात नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय पैसे देईलच असं नाही, पण यादी पडताळायला आणि पत्रव्यवहाराला त्यांची मदत होते.

फौजीच्या खिशातून चहाचेही पैसे जाऊ देऊ नका. सोबत्यानं मात्र निदान निम्मा खर्च स्वतः करावा, असं आमचं ठाम मत आहे. सोबत्याला सगळं फुकट ठेवलं की यादीत कार्यकर्ते वाढतात आणि खुर्ची ढकलणारे कमी होतात.

आमचे आजोबा अंथरुणाला खिळून आहेत. त्यांच्यासाठी काही? (जत)

सहलीला जाणाऱ्यांकडं आजोबांच्या साथीदारांची नावं द्या. पाटीचे फोटो मोठ्या आकारात छापून आणायला सांगा. मोबाइलच्या पडद्यावर त्यांना दिसत नाही. व्हिडिओ कॉल करणार असाल तर त्यांच्या बाजूला कानाचं यंत्र लावलंय का आणि त्याची बॅटरी चालू आहे का, हे आधी पाहा.

आणखी एक, अमेरिकेकडून घेण्यासारखं. तिकडं परतीच्या प्रवासात सैनिकाच्या नावाची पत्रांची पिशवी त्याच्या हातात देतात, सैन्यात डाक वाटतात तशी. आपल्याकडं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोस्टकार्डं वाटा. प्रत्येक फौजीला किमान दहा, मराठीत, मोठ्या अक्षरात, काळ्या शाईनं. जे अंथरुणावर आहेत त्यांच्यासाठीही गठ्ठा काढा आणि त्याच दिवशी घरी पोचवा. गुरुजींनी फळ्यावर मजकूर लिहून देऊ नये, नाहीतर दहाही पत्रं सारखीच येतात. पत्रावर मुलाचं नाव, इयत्ता आणि शाळेचा पत्ता हवा, आणि गठ्ठ्यात दहा कोरी कार्डं घालायला विसरू नका, कारण हे लोक उत्तर लिहितात.